कडाकरप्याचा पिवळा रंग

पोळा होऊन गेला, की भंडाऱ्याकडचं धान गर्भात यायला लागतं. धुऱ्यावरून फेरी मारणाऱ्याची नजर त्या दिवसांत लोंबीपेक्षा पानाच्या कडेवर जास्त असते. आधी शेंड्याजवळ, अगदी कडेला, एक ओलसर फिकट पट्टा दिसतो. मग तो नागमोडी रेघ ओढत कडेकडेनं खाली उतरतो, पिवळा पडतो, वाळतो आणि हिरवं पान बघता बघता तणशीच्या रंगाचं होतं. हा कडाकरपा. नुसता करपा बुरशीमुळे होतो, कडाकरपा जिवाणूमुळे. कृषी केंद्रात औषध मागताना ‘कडा’ एवढा भाग गाळला, की भलतीच बाटली हातात पडते.

रोगट पान दव असताना, उन्हं वर यायच्या आत नीट पाहावं. कडेवर मोहरीपेक्षाही बारीक, पिवळसर, चिकट थेंब बसलेले असतात. ऊन चढलं की ते वाळून कडक कण होतात, वाऱ्यानं झडतात आणि बांधीतल्या पाण्यात पडतात. खात्री करायची असेल तर ब्लेडनं रोगट आणि हिरव्या भागाच्या सीमेवरचा तुकडा कापून स्वच्छ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडावा. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधी धार पाण्यात उतरू लागते. ती धार म्हणजे पानाच्या नळ्यांमध्ये दाटीवाटीनं भरलेले जिवाणू. बुरशीच्या करप्यात असं काही होत नाही.

आता इथे दोन पिवळे आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पान पिवळं पडतं ते त्यातलं हरितद्रव्य नाहीसं होतं म्हणून. तो जिवाणूचा रंग नव्हे. थेंबातला पिवळा मात्र जिवाणूचा स्वतःचा. तो रंग त्यानं स्वतः तयार केलेला असतो, बऱ्याच खर्चानं, आणि धानाला मारण्यासाठी तर मुळीच नाही. मग कशासाठी?

या जिवाणूचं नाव झँथोमोनस ओरायझी. रोगाची पहिली नोंद जपानच्या फुकुओका भागातली, १८८४ची. पानावरचे गढूळ दवबिंदू म्हणजे जिवाणूंचे पुंजके आहेत हे तिथे १९०९मध्ये ताकाइशी यांनी दाखवलं. भारतातली सुरुवातीची नोंद आपल्याच राज्यातली आहे. १९५१मध्ये खोपोलीला, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, हा रोग दिसला आणि १९५९मध्ये श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल यांनी तो ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ठेंगणे, जास्त खत मागणारे वाण आले, युरियाचा हात सैल सुटला आणि कडाकरपा देशभर पसरला. पूर्व विदर्भात त्याला काही कमी नाही. सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, वैनगंगेचं खोरं, गावोगावचे तलाव न् बोड्या, ढगाळ भाद्रपद. आणि एका बांधीतलं पाणी धुरा फोडून दुसऱ्या बांधीत सोडायची जुनी रीत. जिवाणूला यापेक्षा सोयीची वाहतूक व्यवस्था मिळायची नाही.

पण जिवाणूचं सगळं आयुष्य पानाच्या आत जात नाही. आत शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर त्याला उघड्यावर राहावं लागतं: पानाच्या पृष्ठभागावर, थेंबात, पाण्यावर, धुऱ्यावरच्या गवतावर. तिथे त्याचा मोठा शत्रू ऊन. ऊन म्हटल्यावर आपल्याला अतिनील किरण आठवतात, ते आहेतच. पण दिसणारा प्रकाशही निरुपद्रवी नसतो. काही रेणू प्रकाश शोषून घेतात आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतात. हरितद्रव्य आणि त्याचे मोडलेले तुकडे हे याच जातीचे. ऊर्जा मिळालेला ऑक्सिजन, त्याला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात, पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो. तेवढ्यात जे हाताला लागेल त्यावर तो तुटून पडतो. पेशीच्या पटलातले स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, डीएनए, सगळं त्याच्या तडाख्यात येतं. म्हणजे पान, पाणी आणि भरदुपारचा सूर्य हे जिवाणूच्या दृष्टीनं भट्टीचं ठिकाण. त्यातही ज्या पानाचं हरितद्रव्य मोडकळीला आलंय, ते जास्तच. आपणच आजारी पाडलेलं पान आपल्याच अंगावर उलटण्याची ही वेळ.

यावर झँथोमोनसचा उपाय म्हणजे झँथोमोनॅडिन हे पिवळं द्रव्य. कॅलिफोर्नियातले मॉर्टिमर स्टार आणि त्यांचे सहकारी १९६०-७०च्या दशकांत या रंगाच्या मागे लागले होते. हा रंग गाजरा-टोमॅटोतल्या कॅरोटिनॉइडचा असेल असं वाटत होतं. निघाला वेगळाच. कार्बनची एक लांब साखळी, तिच्यात एकाआड एक दुहेरी बंध, टोकाला सहा कार्बनचं कडं आणि त्यावर चक्क ब्रोमीनचे अणू. ब्रोमीन समुद्रातल्या शैवालात सापडतं, ते ठीक. चारी बाजूंनी जमिनीनं वेढलेल्या मुलखातल्या शेतातल्या जिवाणूनं ते कुठून तरी कणाकणानं गोळा करून आपल्या रंगात बसवावं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी प्रकाशाचा निळा भाग शोषते, म्हणून ती आपल्याला पिवळी दिसते. शोषलेली ऊर्जा ती मुकाट्यानं उष्णतेत घालवते; ऑक्सिजनच्या हाती लागू देत नाही. सिंग्लेट ऑक्सिजन तयार झालाच तर तोही अशा साखळीशी भिडून शांत होतो. आणि हे द्रव्य पेशीत कुठेही पडलेलं नसतं. ते अगदी बाहेरच्या पटलात रोवलेलं असतं, म्हणजे जिथे मार बसणार तिथेच.

हे सारं तर्कानं पटतं. पण रंग खरोखरच संरक्षण देतो हे कुणीतरी दाखवायला हवं होतं. ते काम हैदराबादच्या सीसीएमबीत, म्हणजे पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रात झालं, आणि तेही धानाच्याच जिवाणूवर. रमेश सोन्टी यांच्या गटानं झँथोमोनस ओरायझीचे रंगहीन उत्परिवर्ती मिळवले. ताटलीतल्या पिवळ्या वसाहतींच्या गर्दीत एखादी पांढुरकी वसाहत दिसली की ती उचलायची. रंगाचं काम करणाऱ्याला एवढी एक सोय असते. शिकार डोळ्यांना दिसते. मग पिवळे आणि पांढरे, दोघांनाही प्रकाशाच्या माऱ्यात ठेवलं. पांढरे लवकर मेले. १९९७मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या लेखाच्या लेखकांत डी. बालसुब्रमणियन यांचंही नाव आहे. त्यांचं मुख्य काम डोळ्यातलं भिंग आणि मोतीबिंदू यांवरचं. वरवर पाहता कुठे मोतीबिंदू न् कुठे धान. पण आयुष्यभर प्रकाश झेलणाऱ्या भिंगाला जी इजा होते तिचं रसायनशास्त्र आणि पानावरच्या जिवाणूच्या इजेचं रसायनशास्त्र एकाच घरातलं आहे.

आणखी एक प्रश्न उरत होता. रंग गेला तर रोग करण्याची ताकद जाते का? अमेरिकेत आयडाहो विद्यापीठात ॲलन पॉप्लावस्की यांनी कोबीचा काळा कुजवा करणाऱ्या झँथोमोनसवर याचं उत्तर शोधलं. पानाला जखम करून आत सोडलेले रंगहीन जिवाणू पिवळ्यांइतकाच रोग करत होते. पानाच्या पृष्ठभागावर नुसते शिंपडलेले रंगहीन जिवाणू मात्र तग धरत नव्हते. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. पिवळा रंग हे हत्यार नाही. दोन पानांमधल्या प्रवासात उघड्यावर टिकण्याची ती सोय आहे. आपण रोगाकडे बघतो तेव्हा पानाच्या आत काय झालं तेच बघतो. जिवाणूनं मात्र आपला बराच खर्च बाहेरच्या दिवसांसाठी राखून ठेवलेला असतो.

हा खर्च तो कधी आणि कसा करायचं ठरवतो? ऊन लागलं की रंग येतो, असा अंदाज कुणीही बांधेल. तसं नाही. प्रयोगशाळेत हे जिवाणू बंद, अंधाऱ्या उबवणीपेटीत ताटलीवर वाढवतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दार उघडलं तर फिकट पिवळ्या, फुगीर, बुळबुळीत वसाहती हजर असतात. अंधारात वाढूनही पिवळ्याच. म्हणजे उन्हाची चाहूल लागेपर्यंत हा गडी थांबत नाही. बाहेर पडण्याआधीच तयारी करून ठेवतो. मायक्रोसेकंदांत घाव घालणाऱ्या शत्रूपुढे दुसरा मार्गही नाही. मार बसायला लागल्यावर रंग बनवायला घेतला तर उशीर झालेला असतो.

मग सूत्रं कुणाच्या हातात असतात? पॉप्लावस्की यांनीच १९९०च्या दशकात एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. पिगबी नावाचा जनुक बिघडवला, तर जिवाणूचा रंग जायचा आणि सोबत त्याचा बुळबुळीत चिकटाही कमी व्हायचा. पण ताटलीवर त्या पांढऱ्या जिवाणूच्या शेजारी धडधाकट पिवळा जिवाणू वाढवला, की पांढऱ्याला रंग परत यायचा! जनुक तर बिघडलेलाच होता. याचा अर्थ शेजाऱ्याकडून काहीतरी पाझरत येत होतं. हा पाझरणारा पदार्थ कोणता, ते कळायला २०११ उजाडलं. शांघायच्या या-वेन ह यांच्या गटानं तो ओळखला: ३-हायड्रॉक्सीबेंझॉइक आम्ल. नाव जड आहे, रेणू अगदी छोटा. याचंच भावंड २-हायड्रॉक्सीबेंझॉइक आम्ल, म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. ज्यापासून ॲस्पिरिन झालं आणि जे खुद्द वनस्पती रोगाशी लढताना धोक्याची सूचना म्हणून वापरतात ते. एक हायड्रॉक्सिल गट कड्यावर एक घर इकडे की तिकडे, एवढाच फरक. इकडे तो पानाच्या बचावाला लागतो, तिकडे जिवाणूच्या.

हे छोटं आम्ल बनवणाऱ्या विकराचं नाव झॅनबी२. त्याचा कच्चा माल कोरिस्मेट. एकाच धानाचे तांदूळही होतात आणि पोहेही, तसं हा विकर एकाच कोरिस्मेटपासून दोन जिनसा काढतो. ३-हायड्रॉक्सीबेंझॉइक आम्ल रंगाकडे जातं. ४-हायड्रॉक्सीबेंझॉइक आम्ल को-एन्झाइम क्यू बनवण्यासाठी, आणि को-एन्झाइम क्यूशिवाय पेशीचा श्वसनाचा व्यवहार चालत नाही. थोडक्यात, कातडीचा रंग आणि श्वास या दोन्हींचं दुकान एकच. या विकराला धक्का लागला की दोन्हीकडे ओढाताण होते.

कोरिस्मेट येतं ते शिकिमेट मार्गानं. हा मार्ग वनस्पतींत आहे, बुरशीत आहे, जिवाणूंत आहे, माणसात नाही. धुऱ्यावरचं गवत मारायला वापरतात ते ग्लायफोसेट याच मार्गावर नाकाबंदी करतं. सोन्टी यांच्या गटानं २००१मध्ये धानाच्या जिवाणूत याच मार्गावरचा एआरओई हा जनुक बिघडवून पाहिला. रंग गेला, आणि या वेळी रोग करण्याची ताकदही घटली. वरच्या कोबीच्या निष्कर्षाशी हे विसंगत वाटेल. तसं नाही. कोबीवाल्या प्रयोगात फक्त रंगाची फांदी छाटली होती. इथे घाव बुंध्यावर होता. बुंधा तुटला की रंगासोबत इतर कितीतरी गोष्टी जातात. रंगहीन जिवाणू दुबळा दिसला म्हणून रंगच त्याचं बळ, असा घाईचा अर्थ काढू नये. विज्ञानाच्या बातम्यांत तो वारंवार काढला जातो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

चिकट्याचा उल्लेख वर आला. जिवाणूंची गर्दी वाढली की ते आणखी एक संदेशद्रव्य सोडतात आणि चिकट्याचं उत्पादन वाढतं. हा चिकटा म्हणजे झँथन. पानाच्या नळ्या तुंबतात त्या जिवाणूंच्या गर्दीमुळे आणि याच्यामुळे. पहाटेच्या थेंबाला दाटपणा येतो तोही याचाच. कोबीवरच्या भावंडाचं झँथन कारखान्यात मोठ्या टाक्यांत बनवतात आणि ते आईस्क्रीम, सॉस, टूथपेस्ट यांत दाटपणासाठी घालतात; वेष्टनावर ई४१५ असा क्रमांक असतो. थेंबात रंग आणि चिकटा दोन्ही सोबत असतात. रंग प्रकाश सांभाळतो; थेंब वाळला तरी चिकटा आतल्या जिवाणूला सुकू देत नाही.

इतका उपयोगी रंग सगळ्या झँथोमोनसांत असेलच असं धरून चालणारे फसले, तेही पुण्यात. १९४८मध्ये पटेल, मोनीझ आणि कुलकर्णी यांनी आंब्यावरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाचा जिवाणू शोधला. वसाहती पांढऱ्या होत्या. तेव्हाच्या रीतीनं पिवळा तो झँथोमोनस, पांढरा तो दुसरा. म्हणून त्याला स्यूडोमोनस म्हटलं गेलं. पुढे इतर गुणधर्म तपासल्यावर तो रंग हरवलेला झँथोमोनसच ठरला. हे पटेल म्हणजे कडाकरप्याच्या १९५९च्या नोंदीतलेच एम. के. पटेल. वनस्पतींच्या जिवाणूरोगांचा अभ्यास या देशात ज्यांनी उभा केला त्यांच्यात त्यांचं नाव वरचं आहे, आणि मराठी वाचकाला ते जवळजवळ अपरिचित आहे. लिंबावरचा खैऱ्या आणि डाळिंबावरचा तेल्या, हे दोन्हीही झँथोमोनसचेच उद्योग. त्यांचे जिवाणू मात्र पिवळे.

धानाच्या पानावर राहणारे सगळेच काही चोर नसतात. निरोगी पान आगरच्या ताटलीवर हलकेच दाबून उचललं आणि ताटली काही दिवस ठेवली, तर पानाच्या आकारात गुलाबी ठिपके उमटतात. हे मिथायलोबॅक्टेरियम. पान वाढताना पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनमधून थोडंसं मिथेनॉल सुटतं आणि पर्णरंध्रांतून बाहेर पडतं. हे जिवाणू त्यावर जगतात. त्यांचा गुलाबी रंग कॅरोटिनॉइडचा, आणि काम तेच, उन्हापासून बचाव. मोबदल्यात ते पिकाला वाढीची संप्रेरकं पुरवतात. तामिळनाडू कृषी विद्यापीठ या गुलाबी जिवाणूंचं द्रावण पाण्याच्या ताणात फवारणीसाठी शेतकऱ्यांना देतं. त्याच पानावर पॅन्टोआही असतात, पिवळे, पण त्यांचा पिवळा खराखुरा कॅरोटिनॉइड. जपानमध्ये नोरिहिको मिसावा यांनी १९९०मध्ये त्यांच्या रंगाच्या जनुकांची सगळी साखळी उलगडली. त्यातला सीआरटीआय हा एक जनुक पुढे थेट तांदळात गेला: २०००मध्ये जाहीर झालेला ‘गोल्डन राइस’, अ जीवनसत्त्वाची उणीव भरून काढण्यासाठी बनवलेला, पिवळा दिसतो त्यात या जिवाणूच्या जनुकाचा हात आहे. पानावरच्या जिवाणूनं उन्हापासून वाचण्यासाठी घडवलेली युक्ती दाण्याच्या आत जाऊन बसली. त्यावरचे वाद फिलिपीन्सच्या न्यायालयापर्यंत गेले, तो वेगळा विषय.

स्यूडोमोनस फ्लुओरेसेन्सचं पाकीट अनेकांनी बीजप्रक्रियेसाठी वापरलं असेल. त्याचा हिरवट-पिवळा, अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग मात्र उन्हासाठी नाही. तो लोह पकडणारा रेणू आहे. त्याचं नियंत्रणही साधं: भोवती लोह भरपूर असेल तर बनवायचा नाही, टंचाई आली की बनवायचा. बांधीत पाणी साचलं की मातीतलं लोह विरघळून सहज मिळू लागतं, तेव्हा या रंगाची गरज कमी पडते.

कडाकरप्याच्या रंगावर घाव घालणारं औषध निघेल का, असं हा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच. रंग घालवला तरी आत शिरलेला जिवाणू रोग करतोच, हे कोबीवर दिसलं आहे. त्यामुळे मला त्या वाटेची फार आशा वाटत नाही. आशा वाटते ती वाणाकडून. सोन्टी यांच्याच गटानं हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाबरोबर सांबा मसुरीत एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ हे प्रतिकाराचे तीन जनुक नेहमीच्या संकराच्या पद्धतीनं आणले. ‘इम्प्रूव्ह्ड सांबा मसुरी’ २००८मध्ये प्रसारित झाला. एक्सए२१ मूळचा आफ्रिकेतल्या एका रानधानाचा.

बाकी गोष्टी बांधीतल्याच आहेत. रोवणीच्या वेळी उंच वाढलेल्या पऱ्ह्यांचे शेंडे छाटण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. छाटलेला प्रत्येक शेंडा म्हणजे कोबीच्या प्रयोगातली ती जखम. तिथे जिवाणूला रंगाचीही गरज नाही, उन्हातला मुक्काम टाळून तो थेट आत. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा आणि रोगट बांधीचं पाणी खालच्या बांधीत सोडू नये, हे कृषी विद्यापीठं सांगतातच. उन्हाळी धानात कडाकरपा सहसा जोर करत नाही, हवा कोरडी आणि ऊन कडक असतं म्हणून. पण तो नाहीसाही होत नाही: पाटाच्या कडेचं गवत, तलावातलं रानधान, कापणीनंतर खुंटांना फुटलेले हिरवे फुटवे, एवढं त्याला पुरतं, आणि पुढच्या वादळी पावसाला तिथूनच तो पुन्हा बांधीत उतरतो.